खेकड्यांच्या वजनावर तापलेलं पाणी

आमच्या बेटावर रस्ता एकच आहे आणि तो कुठेही पोचत नाही. गावातून निघतो, काही मैल जंगलात शिरतो आणि एका बंद फाटकापाशी संपतो. बाहेर पडायचं तर बोट किंवा छोटं विमान. अलास्काच्या दक्षिणेकडच्या या गावात आम्ही नवरा-बायको वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडहून आलो ते बायकोमुळे. ती दातांची डॉक्टर, आणि इथल्या लोकांना दात दुखला की दुसऱ्या बेटावर जावं लागायचं. माझं काम विमा कंपनीचं. पुढच्या वर्षी किती लोक नुकसानभरपाई मागतील, याचा अंदाज बांधायचा. ते कुठल्याही खोलीत बसून करता येतं.

गाव मासेमारीवर जगतं आणि आम्ही दोघं शाकाहारी. आलो त्याच आठवड्यात शेजारच्या कप्तानाने स्वागत म्हणून जिवंत खेकड्यांची बादली दारात ठेवली. कप्तान म्हणजे खेकड्यांची बोट चालवणारा साठीतला दांडगा गृहस्थ. बायकोने ती बादली धक्क्यावर नेली आणि समुद्रात रिकामी केली. त्याच वेळी धक्क्याकडे येणाऱ्या बोटीवर उभा राहून कप्तान ते बघत होता. संध्याकाळी तो बटाट्यांची पिशवी घेऊन आला. "हे पळून जाणार नाहीत," म्हणाला. तेव्हापासून आमची मैत्री आहे. हे सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, मी ते माझ्या पद्धतीने मराठीत सांगतो आहे.

बायको वर्ध्याची. तिचा पाण्याशी संबंध बादली आणि तांब्यापुरता. इथे मात्र ज्याचा दात काढावा तो तिला आपल्या बोटीवर बोलवायचा. नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ती जायची आणि बोटीच्या मधोमध बसायची. एक लाइफ जॅकेट अंगात आणि एक मांडीवर.

"दुसरं कशाला?" मी एकदा विचारलं.

"पहिलं फसवं निघालं तर?"

पन्नाशीला टेकल्यावर तिने जाहीर केलं की आपण पोहायला शिकणार. गावात शाळेला लागून एक पोहण्याचा तलाव आहे, बंद छताखालचा, गरम पाण्याचा. तिथल्या शिक्षिका सत्तरीच्या. काटक, गळ्यात शिट्टी, आणि मोठ्या माणसांनाही 'बाळ' म्हणायची सवय. गावातल्या दोन पिढ्यांच्या मुलांना त्यांनीच पोहायला शिकवलं. बायको पहिले कित्येक आठवडे भिंतीची कड धरून उभी राहायची. बाई म्हणायच्या, "भिंत इथेच राहणार आहे, बाळ. तू जाऊन ये." बायको जायची नाही. फक्त ओरडायची, आणि तेही मराठीत.

मग हिवाळ्यात एका संध्याकाळी ती ओल्या केसांनी, टोपीवर बर्फ घेऊन घरी आली. बूटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "मी तरंगले." पाठीवर पडून, भिंत सोडून. मग तिने शिरा केला. बाईंनी तिला सांगितलं होतं की उन्हाळ्यापर्यंत तू तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहशील.

पंधरा दिवसांत तलावाचा बॉयलर गेला.

नवा बॉयलर बाहेरून आणायचा, तोही मालवाहू तराफ्यावरून, म्हणजे खर्च मोठा. नगरपरिषदेने सांगितलं, या वर्षी जमणार नाही, पुढच्या वर्षीचं बघू. बाईंची मुलगी ऑरेगनला असते आणि ती बरीच वर्षं त्यांना बोलावत होती. बाई म्हणाल्या, तलाव वर्षअखेरपर्यंत उघडला नाही तर मी जाते, रिकाम्या टाकीला काय शिकवू? बायकोचा पोहण्याचा पोशाख वाळला आणि कपाटात गेला. ती एकदाच म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडे मी शिकणार नाही. दुसऱ्या कुणासमोर मला एवढं ओरडता येणार नाही."

तलाव वाचवायला एक समिती झाली आणि तिचा खजिनदार मी झालो. माझं पोट अंदाजांवर चालतं हे गावाला ठाऊक होतं. कल्पना मात्र बाईंची. शरद ऋतूत खेकड्यांचा हंगाम उघडतो. पहिल्या आठवड्यात गावच्या धक्क्यावर एकूण किती वजनाचे खेकडे उतरतील, हे लोकांनी ओळखायचं. तिकीट घ्यायचं, आकडा लिहायचा. जमलेल्या पैशातला अर्धा भाग जवळच्या आकड्याला, अर्धा बॉयलरला. सगळ्यांना कल्पना आवडली. नगरपरिषदेच्या वकिलांनी सांगितलं की हा जुगार आहे.

आमच्या राज्यात सार्वजनिक कामासाठी अशा स्पर्धा घेता येतात, पण प्रत्येक स्पर्धेचं नाव कायद्यात असावं लागतं. नदीवरचा बर्फ कधी फुटेल, पाऊस किती पडेल, असल्या स्पर्धा यादीत होत्या. खेकडे नव्हते. मग आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधीने विधेयक मांडलं. एका ओळीचं. यादीत शेवटी खेकडे घालावेत, एवढंच. ते वसंतातलं अधिवेशन संपायच्या आत मंजूर झालं तर हंगाम साधणार, नाहीतर बाई ऑरेगनला.

विधिमंडळाच्या समितीपुढे कुणालाही फोनवरून बोलता येतं. प्रत्येकाला दोन मिनिटं. गावातर्फे मी बोलावं असं ठरलं. मी व्यवस्थित तयारी केली. बॉयलरचा खर्च, शिकणाऱ्या मुलांची संख्या, बाहेरच्या समुद्राचं तापमान. बायकोने स्वयंपाकघरातला टायमर लावून माझी तालीम घेतली. भाषण वेळेत बसत होतं, मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा होती.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रेडमंडला असताना तिथल्या मराठी मंडळात वर्षानुवर्षं आभारप्रदर्शन माझ्याकडे असायचं. कुणी सहज म्हणून ते माझ्याकडे दिलं नव्हतं. आभारात कुणाचं नाव राहिलं तर ते कुटुंब पुढच्या गणपतीला येत नाही, आणि माझ्याकडून नाव राहत नाही अशी ख्याती होती. सुनावणीच्या दिवशी अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या, "वेळ काढल्याबद्दल आभार, बोला." आणि माझ्या हातात कागद असताना तोंडातून भलतंच सुरू झालं. मी सन्माननीय अध्यक्षांचे आभार मानले. उपाध्यक्षांचे मानले. समितीच्या सगळ्या सदस्यांचे, नावं माहीत होती त्यांचे नावाने. विधेयक मांडणाऱ्या प्रतिनिधीचे, त्यांच्या कचेरीतल्या लोकांचे, फोनची जोडणी करणाऱ्या अज्ञात व्यक्तीचे. माझ्याआधी बोललेल्यांचे. समोर बायको टायमर घेऊन हातवारे करत होती. ते मला प्रोत्साहन वाटलं. मी चहापाण्याची व्यवस्था बघणाऱ्यांपर्यंत आलो होतो, त्यांना मी पाहिलं नव्हतं पण ते असणारच, तेवढ्यात घंटा वाजली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपली वेळ संपली. एवढंच सांगा, आपण विधेयकाच्या बाजूने आहात की विरुद्ध?"

"बाजूने," मी म्हणालो. फोनमधून बरीच माणसं हसल्याचा आवाज आला.

मग एका सदस्याने प्रश्न टाकला. "खेकडे पकडणाऱ्यालाच आकडा आधी कळणार. मग लबाडी कशी थांबवणार? कुणी सांगेल का?"

मला वाया गेलेली दोन मिनिटं भरून काढायची होती. मी म्हणालो, "सोपं आहे. खेकडे पकडणारे, वजन करणारे, स्पर्धा चालवणारे आणि या सगळ्यांच्या घरची माणसं, यांनी भाग घ्यायचा नाही."

हे उत्तर माझ्याकडे तयार होतं याला कारण आहे. मंडळाच्या एका सोडतीत पहिलं बक्षीस, प्रेशर कुकर, खजिनदाराच्या बायकोला लागलं होतं. खजिनदार मी होतो. सोडत अगदी स्वच्छ होती, पण मी तिला स्टेजवरच कुकर परत द्यायला लावला. तरी वर्षभर लोक आमच्या घरी आले की ओट्याकडे बघायचे.

सदस्य म्हणाले, "उत्तम. हे विधेयकातच घालू." एका ओळीच्या चार ओळी झाल्या.

मी फोन ठेवला. बायको टायमर धरून तशीच उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "मग गावात उरलं कोण?"

मी मोजून पाहिलं. अर्ध्याहून जास्त घरांत कुणी ना कुणी खेकड्यांच्या बोटीवर होतं, आणि तिकिटं आनंदाने घेणारी माणसं नेमकी तीच होती. उरली ती पोस्टातली, शाळेतली, चर्चमधली, जी वाढदिवसाच्या केकचेही तुकडे मोजून खातात.

संध्याकाळी कप्तान आला. हात रिकामे होते.

"खेकडे आम्ही पकडायचे," तो म्हणाला, "बोट आमची, पिंजरे आमचे, पाठदुखी आमची. आणि खेळायचं मात्र पोस्टमास्तरणीने?"

"तुम्हाला आकडा कळतो ना."

"मला? चाळीस वर्षं पिंजरे टाकतोय, एकदासुद्धा कळलेला नाही. कळला असता तर मी हा धंदा केला असता का?"

बायको आतून म्हणाली, "मलासुद्धा बाहेर काढलंय. बसा, चहा घ्या."

विधेयक अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर झालं, राज्यपालांची सही झाली, आणि गावात कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. तिकिटं छापून आली. पहिल्या आठवड्यात जेवढी खपली तेवढ्यात बॉयलरचा एखादा नळ आला असता. बाईंच्या घरी मी गेलो तेव्हा पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. बायको हे ऐकून काही बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही तेव्हा घरात भांडी जरा जास्त वाजतात.

फिरलं ते कॉफीच्या दुकानात, माझ्यासमोर. पोस्टमास्तरीण कप्तानाच्या शेजारी बसली होती. तिने अगदी सहज विचारलं, "यंदा पिंजरे जास्त टाकणार का?"

कप्तानाने कॉफी ढवळली. बराच वेळ ढवळली. मग खिडकीबाहेर समुद्राकडे पाहिलं आणि एक दीर्घ उसासा टाकला.

पोस्टमास्तरीण उठली, त्याच्यासाठी ॲपल पाय मागवला, आणि माझ्याकडून पाच तिकिटं घेतली.

ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या बोटींवर पोचली. ज्यांना खेळायला बंदी होती ते आता गावातले सर्वांत मोठे लोक झाले. खेकडेवाल्यांना कुणी कॉफीचे पैसे देऊ देईना. त्यांच्या घरी केक जायला लागले, एकाचं छप्पर शेजाऱ्याने फुकट दुरुस्त करून दिलं. आणि खेकडेवाले हाताशी तिकिटांचा गठ्ठा ठेवून बोलायला लागले. तिकीट घ्या, मग हवामानाविषयी बोलू. एक म्हणायचा समुद्र यंदा गरम आहे, दुसरा म्हणायचा थंड आहे. ज्याने दोघांनाही विचारलं तो दोन्ही प्रकारचे आकडे लिहायचा, म्हणजे तिकिटं दुप्पट. मी मात्र अस्वस्थ झालो. कप्तानाला गाठून म्हणालो, "तुम्ही लोकांना खोटं सांगताय."

"मी एक शब्दही बोलत नाही. मी उसासा टाकतो. त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा."

मी घरी येऊन कायदा पुन्हा वाचला. उसाशांविषयी त्यात काही नव्हतं.

बायकोच्या दवाखान्यात वेगळीच गर्दी. अर्धं तोंड बधिर असलेला माणूस खरं बोलतो, असा गावाचा समज झाला. खुर्चीत एखादा खेकडेवाला असला की बाहेरच्या बाकांवर दात न दुखणारी माणसं कान देऊन बसायची. बायको अर्थातच सगळं जवळून ऐकत होती.

एका रात्री जेवताना म्हणाली, "माझ्याकडे आकडा आहे."

"असू दे."

"एकदम पक्का आहे."

"असू दे म्हटलं ना."

"लिहून तरी ठेवते."

"घरात लेखी काही नको."

त्याच वेळी सासूबाईंचा वर्ध्याहून व्हिडिओ कॉल चालू होता हे आम्ही विसरलो होतो. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "जावईबापू, एवढ्या लांब जाऊन तुम्ही काहून खेकड्यांवर पैसे लावून राहिले? घरात कांदा तरी आहे का?"

"आई, हे लावत नाहीत, मलाही लावू देत नाहीत," बायको म्हणाली. "तेच तर दुःख आहे."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण किती वजन होईल म्हणता?"

हंगाम उघडला तो आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. धक्क्यावर माणसांची रीघ. बोट लांबून दिसली की ती पाण्यात किती खोल बसली आहे हे बघायला लोक दुर्बिणी घेऊन यायचे. यारी बोटीतली खेकड्यांची पेटी उचलून काट्यावर ठेवायची आणि टाळ्या पडायच्या. जड पेटी निघाली की मोठा आकडा लिहिलेले नाचायचे, हलकी निघाली की छोट्या आकड्यावाले. मधेच दोन दिवस वादळ झालं आणि एकही बोट बाहेर गेली नाही. तेव्हा छोट्या आकड्यावाले पावसात धक्क्यावर येऊन रिकाम्या काट्याचे फोटो काढत होते. मी आणि बाई छत्री धरून प्रत्येक वजन लिहून घेत होतो. बाई दर पेटीला शिट्टी वाजवायच्या. गरज नव्हती, पण थांबा म्हणायचं माझ्या मनात आलं नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही बेरीज केली, ती दोनदा तपासली, आणि सगळ्यांत जवळचं तिकीट निघालं ते चर्चच्या पाद्रीबाबांचं. गेल्याच महिन्यात त्यांनी जुगाराविरुद्ध प्रवचन दिलं होतं. तिकीट त्यांच्या नावावर त्यांच्या बायकोने घेतलं होतं. त्यांनी बक्षीस स्वीकारलं आणि पुढच्या रविवारी क्षमा हा विषय घेतला. माझ्या बायकोचा आकडा काय होता हे तिने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. संसार आहे, सांभाळावा लागतो.

बॉयलर आला. धक्क्यावर त्याचंही वजन करा म्हणून लोक मागे लागले. डिसेंबरात पाणी तापलं. बाईंनी खोकी उघडली आणि पुस्तकं परत फळीवर लावली. समितीने ठरवलं की पहिल्या दिवशी खेकडेवाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना प्रवेश मोफत, कारण तिकिटं त्यांनीच विकली होती.

बायको त्या दिवशी तयार होऊन दारापर्यंत आली आणि थांबली. मधे इतके महिने गेले होते.

"मला आठवतच नाही भिंत कशी सोडायची ते," म्हणाली.

"धरून उभी राहा. तेवढं तर येतं ना?"

"तेवढं येतं."

आम्ही आत गेलो. वाफेने माझा चष्मा धुरकटला, तो पुसून पाहिलं तर तलावाचा मधला भाग मोकळा होता आणि चारही भिंतींना माणसं चिकटली होती. सगळे खेकडेवाले. चाळीस-चाळीस वर्षं समुद्रावर काढलेली दाढीवाली, दंडावर नांगर गोंदलेली माणसं खांद्याला खांदा लावून दोन्ही हातांनी कड धरून उभी होती. त्यांच्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं. त्यांची मुलं आत डुंबत होती आणि बापांना हसत होती.

बायको पायऱ्यांवरून पाण्यात उतरली आणि सवयीने भिंतीकडे वळली. तिथे कप्तान होता, कुणाच्या तरी फुलाफुलांच्या चड्डीत.

"डॉक, इथे जागा नाही."

"जरा सरका."

"कुठे सरकू? हात सोडला तर बुडेन."

"पाणी तुमच्या छातीपर्यंतच आहे."

"समुद्रसुद्धा सुरुवातीला तेवढाच असतो."

ती दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काठाकाठाने नजर फिरवली, खरोखरच हात ठेवायला फट नव्हती. बाई पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली नाही, नुसतं म्हणाल्या, "मध्ये भरपूर जागा आहे, बाळ."

बायको मराठीत काहीतरी पुटपुटली. मग मागे झुकली, पाठीवर आली, क्षणभर तशीच राहिली, आणि हात मारायला लागली. पाणी फार उडत होतं. दिशा थोडी तिरकी होती. पण ती जात होती. भिंतीला चिकटलेली सगळी माणसं बघत होती, धक्क्यावर पेटी वर चढताना बघायची तशी. ती तलाव ओलांडून पलीकडच्या भिंतीपाशी पोचली, कड धरायला हात पुढे केला, आणि तिथे दोन भावांच्या खांद्यांमध्ये बोटभरही जागा नव्हती.

तेव्हा ती वळली आणि परत निघाली.

"आता का थांबत नाही ती?" कप्तानाने मला विचारलं.

"सरकलात तर थांबेल," मी म्हणालो.

तो सरकला नाही.